आमच्या गावातला पब, नवं बिऱ्हाड आणि रविवारचा रोस्ट

खिडकीतली_सीट | शनिवार, सकाळी ११:२०

डर्बीशरमधल्या या खेड्यात आम्हाला यंदा नऊ वर्षं होतील. गावात चर्च एक, शाळा एक आणि पब एक. दुकान करोनानंतर बंद पडलं, बस दिवसातून चारदा. त्यामुळे माणसं बघायची असतील तर पबच. मी फार पिणारा नाही, एक पाइंट (अर्ध्या लिटरहून जरा जास्त) बिअर तासभर पुरवणाऱ्यांतला. तरी आठवड्यातून एक चक्कर असतेच.

गेल्या हिवाळ्यात जुने लँडलॉर्ड निवृत्त झाले. (पब चालवणाऱ्याला इथे लँडलॉर्ड म्हणतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, आम्ही दर शुक्रवारी भाडं चुकतं करायला जातो.) मार्चपासून नवं जोडपं आलंय. दोघंही तिशीतले, ती पुढे, तो स्वयंपाकघरात. भिंतींना गडद हिरवा रंग लागला, फळ्यावरचा मेन्यू जाऊन जाड कागदाचा आला. महिन्याभरात तीनदा गेलो. काय झालं ते लिहितो, मग तुम्हीच सांगा मी कटकट्या झालोय का.

पहिली खेप शुक्रवारी संध्याकाळी. फिश अँड चिप्स. जुन्या लँडलॉर्डकडचा मासा ताटलीच्या दोन्ही बाजूंनी लोंबायचा, पण चिप्स मऊ पडलेल्या आणि वाटाणे डब्यातले. आता मासा थोडा लहान, पण काय तळलाय! कवचावर काटा आपटला तर टकटक वाजतंय आणि आत पांढरेशुभ्र पदर. टार्टर सॉस घरचा. १३ पौंडांचे साडेसतरा झाले, तरी चवीला नावं ठेवली तर जीभ झडेल. माझं दुखणं त्याच्या आधीचं आहे. दारात हातात टॅब्लेट धरलेली एक मुलगी, आणि प्रश्न, 'बुकिंग आहे का?' नऊ वर्षांत त्या दारात मला हे कुणी विचारलं नव्हतं. शेकोटीजवळचं लांब बाक काढून तिथे चार टेबलं टाकलीत, प्रत्येकावर 'राखीव'ची पाटी. बारपाशी उभं राहायला जागा उरलीय ती दोन माणसांची.

दुसरी खेप रविवारच्या रोस्टला (भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या, ग्रेव्ही असं इथलं रविवारचं जेवण), सहकुटुंब, दुपारी तीनला. पन्नास मिनिटं थांबलो. माझं बीफ मऊ, बटाटे कुरकुरीत, यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, अंड्या-पिठाची भाजलेली वाटी) तर एवढं फुगलेलं की त्यात ग्रेव्हीचा तलाव झाला. मुलीचा नट रोस्ट (मांसाऐवजी दाण्या-सुक्यामेव्याचा, शाकाहाऱ्यांसाठीचा) मात्र मध्यभागी गार. गार म्हणजे बर्फच. सांगितल्यावर वाढणाऱ्या मुलीने 'सॉरी' म्हणून उचलला, वीस मिनिटांनी दुसरा आणला. तोवर आमची ताटं रिकामी. पाणी मागितलं तर बाटली आली, साडेतीन पौंडांची. बिलावर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि नट रोस्टचे पैसे पूर्ण लावलेले.

तिसरी खेप बुधवारच्या क्विझची. क्विझ झकास. पण त्या दिवशी लक्षात आलं की डॉमिनो खेळणारे चार म्हातारे दिसत नाहीत. ते ज्या बाकावर बसायचे ते बाकच नाही.

तर प्रश्न असा: जेवण आधीपेक्षा दुपटीने चांगलं आहे आणि मला तिथे जावंसं वाटत नाही. हे असं का?

दीड_शहाणी | शनिवार, दुपारी १२:०५

कारण तुम्हाला चांगलं जेवण नकोय, जुनं बाक हवंय. स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्या इथला पब दोन वर्षांपूर्वी पाटी उतरवून फ्लॅट झाला. तुमच्याकडे कुणीतरी पैसे घालून, स्वयंपाकी ठेवून चालवतंय. मी रोज आरती ओवाळली असती.

कुत्र्याचा_नोकर | शनिवार, दुपारी १२:३१

कुत्र्यांना आत घेतात का? पाण्याचा वाडगा दाराशी असतो का? माझं परीक्षण एवढ्यावर संपतं.

खिडकीतली_सीट | शनिवार, दुपारी १२:४०

बारच्या बाजूला घेतात, जेवणाच्या बाजूला नाही. वाडगा आहे. मागच्यापेक्षा स्वच्छ आहे.

पिंपातला_उंदीर | शनिवार, दुपारी १:१५

एवढा मोठा लेख लिहिलात आणि बिअरबद्दल चकार शब्द नाही! पबचं परीक्षण माशावरून करायचं म्हणजे सलूनचं परीक्षण तिथल्या मासिकांवरून.

पुढच्या वेळी आधी बारवरचे, बिअर ओढायचे हँडपंप मोजा. हँडपंपाने ओढतात ती कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर. ती पिंपात असतानाही तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं आणि आंबणं चालूच असतं. तळघरात ११ ते १३ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. म्हणजे गरम नाही, पण लागरसारखी दात शिवशिवतील इतकी थंडही नाही. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, ९ गॅलनचं, ७२ पाइंटांचं. एकदा तोंड उघडलं की हवा आत जाते आणि साधारण तीन दिवसांत संपवावंच लागतं. आता हिशेब करा. सहा पंप आणि मंगळवारी रात्री गिऱ्हाईक आठ, तर त्यातली निम्मी बिअर कालपरवाच म्हातारी झालेली असते. दोन पंप असलेला पब मला सहावाल्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

आंबट लागली, व्हिनेगरचा वास आला, तर ग्लास परत न्या. चांगल्या ठिकाणी एक अक्षर न बोलता बदलून देतात. तिथे हुज्जत घातली तर समजायचं, तळघरात कुणी उतरत नाही.

आणि पाइंट म्हणजे ५६८ मिली, कायद्याने. फेसाबद्दल बिअर उद्योगाचीच मार्गदर्शक सूचना आहे की निदान ९५ टक्के तरी द्रव हवा. बोटभर फेस आला तर 'जरा भरून द्याल का' म्हणायला लाजू नका, इथे ते उद्धटपणाचं मानत नाहीत.

फक्त_वाचतो | शनिवार, दुपारी २:०२

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. लीड्सला शिकायला येऊन तीन आठवडे झाले. आपल्याकडे पब म्हटलं की डीजे, अंधार आणि दारात बाउन्सर. इथे परवा गेलो तर एक आजी स्वेटर विणत बसलेल्या! मी टेबलावर वीस मिनिटं बसून राहिलो, वेटर आलाच नाही. मग उठून निघून आलो. काय चुकलं?

दीड_शहाणी | शनिवार, दुपारी २:१०

अरे बाळा. वेटर नसतो. बारपाशी जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, स्वतः ग्लास उचलून आणायचा. जेवण सांगताना टेबलाचा नंबर सांगायचा. टेबलावर येऊन विचारणारे पबही आहेत आता, पण आधी बारच गाठावा.

खिडकीतली_सीट | शनिवार, दुपारी २:२५

त्यात एक गंमत आहे, जी मला कळायला वर्ष लागलं. बारपाशी रांग नसते, सगळे आडवे उभे असतात. पण कोण आधी आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं, बारमागच्या माणसाला तर असतंच. नोट हलवायची नाही, टिचक्या वाजवायच्या नाहीत, नुसती नजर द्यायची. चुकून तुम्हाला आधी विचारलं तर शेजाऱ्याकडे बोट दाखवून 'यांचा नंबर आहे' म्हणायचं. एवढं केलंत की तुम्ही गावचे झालात. आमच्याकडे आता हेच उरलं नाही, टेबलावरच्या क्यूआर कोडच्या चौकोनातून फोनवर मागवा म्हणतात.

आणि मित्रांसोबत गेलात तर राउंड असतो. एकाने सगळ्यांचं आणायचं, पुढचं दुसऱ्याने. आपला राउंड यायच्या आत घरी पळणाऱ्याची नोंद सगळे ठेवतात, पण कुणी बोलून दाखवत नाही.

वाटाणे_नकोत | शनिवार, दुपारी ३:४७

शाकाहाऱ्यांच्या वतीने एक रडगाणं.

नट रोस्ट गार निघाला यात मला नवल नाही. तो निदान मेन्यूवर होता हेच नवल. बाकी फसायच्या जागा वेगळ्या आहेत. ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाच्या रसाची, नट रोस्टवरही तीच ओततात आणि विचारलं की चेहरे पडतात. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतंच, वर ते बऱ्याचदा बीफच्या चरबीत भाजलेलं असतं. चिप्ससुद्धा! उत्तरेकडे अजून कित्येक ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे त्याच चरबीत तळतात आणि ते अभिमानाने सांगतात. 'चिप्स म्हणजे बटाटाच की' म्हणून मी पहिली दोन वर्षं काय काय खाल्लं असेल, ते देवाला ठाऊक.

आणि उंदीरमामा, तुमची ती जिवंत बिअर नितळ करायला आयसिंग्लास घालतात ते सांगितलं नाहीत. माशाच्या वायुपिशवीपासून केलेलं. सगळीकडे घालतात असं नाही, पण कास्कमध्ये ती जुनीच रीत. गिनेसने ते बंद करणार म्हणून २०१५ मध्ये जाहीर केलं, तोवर मी आनंदाने ढोसत होते.

पिंपातला_उंदीर | शनिवार, दुपारी ३:५५

मामा काय! पण मुद्दा खरा आहे. आता बऱ्याच ब्रुअरी आयसिंग्लास न घातलेली, धूसर बिअर काढतात, ती मागा. पिंपाच्या पंपावरच्या पाटीवर 'व्हीगन' लिहिलेलं असतं कधी कधी.

गॅसवर_दूध | शनिवार, सायंकाळी ६:३०

मी विद्यार्थिदशेत दीड वर्ष एका पबच्या स्वयंपाकघरात होतो. रविवार म्हणजे काय असतो ते सांगतो, मग नट रोस्टचं कोडं सुटेल.

सकाळी नऊला मांस ओव्हनमध्ये. बटाटे अर्धवट उकडून, चाळणीत हलवून कडा खरबरीत करून ठेवायचे, म्हणजे चरबीत टाकल्यावर कुरकुरीत होतात. पुडिंगचं पीठ आदल्या रात्रीचं. बाराला पहिली टेबलं बसतात आणि तेव्हा ताटातलं सगळं काही मिनिटांपूर्वीचं असतं. तीनला जो येतो त्याच्या ताटात उरलेलं असतं. मांस कापून ग्रेव्हीत ठेवलेलं, गाजरं मऊ पडलेली. शिवाय दुपारभर एकाच ओव्हनचं दार सतत उघडझाप. नट रोस्ट दिवसात चार-पाचच जातात, त्यामुळे ते आठवड्याच्या सुरुवातीला करून, वड्या पाडून गोठवलेले असतात. मागणी आली की मायक्रोवेव्ह, मग रंग यावा म्हणून ओव्हन. घाईत मायक्रोवेव्हचं एक मिनिट कमी पडलं की वरून खरपूस आणि आत हिमालय. स्वयंपाकी वाईट आहे असं नाही, आत सुरी खुपसून बघायला हात मोकळा नसतो. तरी गार ताट बाहेर जाऊ देणं ही चूकच, आमच्याकडे त्यावर शिव्या पडायच्या. आणि पैसे तर वजा करायलाच हवे होते.

रोस्ट खायचा तर साडेबाराचं बुकिंग करा. तीनला जायचं असेल तर 'पाय' (pie) मागवा.

दीड_शहाणी | शनिवार, सायंकाळी ६:४१

पाय म्हणजे चारी बाजूंनी कणकेचं आवरण असलेला हो. वाडग्यात स्ट्यू आणि वर पफ पेस्ट्रीची टोपी ठेवून 'पाय' म्हणून विकतात, त्यांना काय म्हणावं!

गॅसवर_दूध | शनिवार, सायंकाळी ६:४४

त्या विषयावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

जुनं_खोड | शनिवार, रात्री ८:१८

सर्व्हिस चार्ज काढून टाकायला सांगा. सहसा ऐच्छिक असतो. पबमध्ये टिप द्यायची पद्धतच नव्हती. फार तर बारमागच्या माणसाला 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, तो एका ड्रिंकचे पैसे घेऊन बाजूला ठेवायचा. साडेबारा टक्के हे लंडनचं फॅड.

दीड_शहाणी | शनिवार, रात्री ८:२६

काका, ते पैसे त्या टॅब्लेटवाल्या मुलीला मिळतात. किमान वेतनावर सात तास उभी असते ती.

जुनं_खोड | शनिवार, रात्री ८:३०

मिळतात हे कुणी सांगितलं?

गॅसवर_दूध | शनिवार, रात्री ८:५२

आता मिळतात, मिळायला हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आहे, टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णच्या पूर्ण कामगारांत वाटायचा, मालकाने हात लावायचा नाही. माझ्या वेळी तो नव्हता. आमचा मालक 'मोडलेल्या ग्लासांचे' म्हणून त्यातून कापायचा. ग्लास बहुतेक तोच मोडायचा.

आणि सीटभाऊ, पाण्याचं राहिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० पासून परवानाधारक जागेत गिऱ्हाइकाला नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. 'टॅप वॉटर' असं म्हणा. नुसतं 'वॉटर' म्हटलं की बाटली येते.

जुनं_खोड | शनिवार, रात्री ९:४०

बरं, चार्जवर माघार. पण त्या 'राखीव' पाटीबद्दल लिहितो. तरुण मंडळींना ती नुसती गैरसोय वाटेल.

मी १९६८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ स्मेथिकला आलो, ओतकाम कारखान्यात. माझ्यासोबत भट्टीवर पंजाबी मंडळी होती, माझ्या आधी पाच-सात वर्षं आलेली. त्यांच्या वेळी तिथल्या कित्येक पबांत लाउंजमध्ये काळ्या-सावळ्या माणसाला बसू द्यायचे नाहीत, बाहेरच्या बार-खोलीत उभं राहा म्हणायचे. काही ठिकाणी तेही नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनवाले गोऱ्या मित्रांना घेऊन मुद्दाम जायचे आणि कोण कुणाला नकार देतं त्याची नोंद करायचे. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स स्वतः स्मेथिकला येऊन गेला, त्यांच्याच बोलावण्यावरून. त्याच वर्षी रेस रिलेशन्स अ‍ॅक्ट आला आणि सार्वजनिक ठिकाणी असा भेद करणं बेकायदा ठरलं. मी आलो तोवर तोंडावर 'नाही' म्हणणं बंद झालं होतं. टेबल रिकामं दिसायचं, आम्ही बसायला गेलो की लँडलॉर्ड म्हणायचा, 'ते राखीव आहे.' पाटीसुद्धा नसायची.

पुढे तेच पब डबघाईला आले तेव्हा आमच्यातल्याच लोकांनी चालवायला घेतले. स्मेथिक, वेस्ट ब्रॉमिच या बाजूला अजून आहेत, देसी पब म्हणतात. धुराचे लोट काढत मिक्स्ड ग्रिलचा तवा टेबलावर येतो, शेजारी डार्ट्स चालू आणि गोरे-काळे सगळे बोटं चाटत बसलेले. ग्रिलसोबत नान किती घ्यायचे ते बारवरचा माणूस तुमच्याकडे बघून ठरवतो. तुमच्या लँडलेडीच्या मनात तसं काही नसणार, कळतं मला. पण ती पाटी दिसली की मी अजूनही उभाच राहतो.

फक्त_वाचतो | शनिवार, रात्री ९:५८

काका, हे माहीत नव्हतं.

वाटाणे_नकोत | शनिवार, रात्री १०:१२

वाचून गप्प झाले. काका, यावर सविस्तर लिहा ना कधीतरी.

खिडकीतली_सीट | मंगळवार, रात्री १०:३५

धागा वर काढतोय. काल संध्याकाळी पब रिकामा होता म्हणून लँडलेडीशी बोललो. तक्रार म्हणून गेलो होतो, अर्धा तास ऐकतच बसलो.

पब त्यांचा नाही, एका मोठ्या कंपनीचा आहे. ज्याला टाय म्हणतात त्या करारावर घेतलाय, म्हणजे कंपनीला भाडंही द्यायचं आणि बिअरही तिच्याकडूनच, तिच्या भावाने घ्यायची. तेच पिंप बाहेर स्वस्त मिळतं हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, 'तू तासभर एक पाइंट घेऊन बसतोस, त्यात माझ्या हातात जे उरतं त्यात शेकोटीचं लाकूडसुद्धा येत नाही. मासा मला तारतो.' मी हातातल्या पाइंटकडे बघितलं आणि दुसरा मागवला. इलाजच नव्हता.

नट रोस्टबद्दल तिला कुणी सांगितलंच नव्हतं! वाढणारी मुलगी घाबरून गप्प बसली होती. लँडलेडी पैसे परत देत होती, मी घेतले नाहीत, मग माझ्या मुलीच्या नावाने एक पुडिंग बाकी लिहून ठेवलं. डॉमिनोवाल्यांचंही तिला माहीत नव्हतं. बाक कीड लागलं म्हणून काढलं होतं, म्हातारे तिथे बसतात हे जुन्या लँडलॉर्डने सांगितलंच नाही. सोमवार ते बुधवार शेकोटीजवळच्या टेबलांवर पाट्या ठेवणार नाही म्हणालीय. शुक्रवार-शनिवार मात्र नाही म्हणजे नाही.

म्हाताऱ्यांना निरोप द्यायला गेलो. त्यातले दोघं आता क्रिकेट क्लबच्या बारमध्ये जातात, तिथे पाइंट सव्वा पौंडाने स्वस्त आहे, ते काही परत येत नाहीत. तिसरे बघू म्हणाले. चौथे एप्रिलमध्ये गेले. मला माहीतच नव्हतं. पबमध्ये फळ्यावर लिहायचे अशी बातमी, तो फळाच आता नाही.

पिंपातला_उंदीर | मंगळवार, रात्री ११:०१

वाईट वाटलं.

एक व्यवहाराचं सांगतो. ५०० किंवा त्याहून जास्त टाय असलेले पब ज्या कंपन्यांकडे आहेत, त्यांना इंग्लंड-वेल्समध्ये २०१६ पासून पब्ज कोड ही नियमावली लागू आहे. ठरावीक वेळी, म्हणजे भाडं नव्याने ठरताना किंवा करार संपताना, टाय सोडून बाजारभावाने नुसतं भाडं मागायचा हक्क त्यात आहे. बाईंना ठाऊक असेल, तरी विचारा.

आणि गावाने आत्ताच पब 'कम्युनिटी व्हॅल्यू'च्या, म्हणजे गावाच्या उपयोगाच्या जागांच्या यादीत घालून घ्यावा. २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टमध्ये सोय आहे. पॅरिश कौन्सिल (इथली ग्रामपंचायतच म्हणा) अर्ज करू शकते किंवा २१ स्थानिक मतदारांचा गट. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढला तर गावाला बोली लावायची आहे म्हणून सहा महिने विक्री थांबवता येते. थांबवता येते एवढंच, तुम्हालाच विकायची सक्ती नाही. पैसे तुम्हालाच उभे करायचे. कंब्रियात हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये शेअर काढून आपला पब विकत घेतला. विकायची पाटी लागल्यावर धावाधाव करून फार थोडं हाती लागतं.

दीड_शहाणी | मंगळवार, रात्री ११:०९

हे खरं आहे. आमच्याकडे पाटी लागल्यावर जागे झालो.

खिडकीतली_सीट | बुधवार, सकाळी ८:१५

२१ लोक जमवणं अवघड नाही, आज क्विझला तेवढे येतातच. पॅरिशच्या क्लार्कबाई आमच्याच गटात आहेत. पण एक भिडू कमी पडतोय, भूगोलवाला. जवळपास कुणी असेल तर साडेसातला या.

वाटाणे_नकोत | बुधवार, सकाळी ८:४०

मी चेस्टरफील्डला असते, येऊ शकते. भूगोल बरा आहे. चिप्स कशात तळतात ते तेवढं विचारून ठेवा.

खिडकीतली_सीट | बुधवार, सकाळी ८:५२

विचारलंय. बीफ ड्रिपिंग.

वाटाणे_नकोत | बुधवार, सकाळी ८:५३

येताना डबा आणते.